आठवड्याआडचं घड्याळ

दोघांचे हात एकाच वेळी घड्याळावर पडले. म्हणजे तिचा घड्याळावर आणि त्याचा तिच्या हातावर.

जुन्या वस्तूंचा रविवारचा बाजार. जमिनीवर पसरलेल्या चादरीवर पितळी कुलुपं, मोडके कॅमेरे, आणि मधोमध ते मनगटी घड्याळ. रोज चावी द्यावी लागणारं, तबकडी जुन्या कागदासारखी पिवळसर झालेली.

“मी आधी पाहिलं,” ती म्हणाली.

“पाहिलं असेल. मी वास घेत आलोय.”

“घड्याळाला वास येतो?”

“जुन्या घड्याळाला येतो... तेलाचा. तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर हात काढत नाही.”

चादरीवरच्या बाई वैतागल्या. “आधी हात सोडवा, मग भाव करा.”

माघार कुणीच घेईना. शेवटी ते दोघांत घ्यायचं ठरलं. एक आठवडा तिच्याकडे, एक त्याच्याकडे, अदलाबदल रविवारी तिच्या आत्याच्या चष्म्याच्या दुकानात. अट तिनेच घातली — ज्याच्या हातात ते बंद पडेल, त्याचा हक्क संपला.

तो मुलांना पोहायला शिकवायचा, म्हणून आत्याने त्याचं नाव मास्तर ठेवलं. ती दुकानात चष्मे जुळवायची आणि उरलेल्या वेळात जुनी घड्याळं जमवायची. दर रविवारी ती त्याच्या हाती भिंग द्यायची आणि तबकडीचा एकेक कोपरा दाखवायची.

“आकडे पुसट झालेत. नव्याने रंगवून घेऊ?” त्याने एकदा विचारलं.

“मग ते नवं घड्याळ होईल. नवी दुकानात मिळतात.” तिने काचेवरच्या बारीक ओरखड्यावर बोट ठेवलं. “हा बघ. कुणाचं तरी मनगट भिंतीला घासलं असेल. ते माणूस आपल्याला कधी भेटणार नाही, पण त्याचा हात इथे आहे.”

तो ओरखड्याऐवजी बोटाकडे पाहत होता.

“भिंग घड्याळासाठी दिलंय, मास्तर,” आत्या काच पुसता पुसता म्हणाली.

एक गंमत होती. ते तिच्याकडे पुढे पळायचं आणि त्याच्याकडे मागे रेंगाळायचं. चावीच्या घड्याळांचं असंच असतं. उताणं ठेवलं तर एक चाल, कुशीवर ठेवलं तर दुसरी. आत्याचं मत वेगळं होतं. “ज्याच्या घरी राहतं त्याचं वळण लागतं, दुसरं काय.”

मग एका रविवारी तो आला तोच मान खाली घालून. काउंटरवर रुमाल उलगडला. काचेच्या आतून धुकं धरलं होतं. काटे थांबलेले.

“पाण्यात नेलंस?”

“पाठीवर लिहिलंय, पाण्यात चालेल म्हणून...”

“लिहिलं तेव्हा खरं होतं. आतलं रबर कधीच वाळून गेलं असेल.”

“हो... आता कळलं.” त्याने रुमाल तिच्याकडे सरकवला. “बंद माझ्या हातात पडलं. अट अट आहे. घड्याळ तुझं.”

तो दाराकडे वळला. तेव्हा तिला लख्ख दिसलं — घड्याळ आपलं झालं, तर पुढच्या रविवारी हे दार उघडायला कुणी येणार नाही.

“बस तिथे,” ती म्हणाली. “दिवा धर. हात हलू देऊ नकोस.”

तिने पाठीचं झाकण काढलं. बिघडलेल्या घड्याळांवर ती हे शिकली होती. चांगल्यावर कधी केलं नव्हतं. पण गंज चढायला वेळ द्यायचा नव्हता. एकेक चाक चिमट्याने उचलून तिने स्पिरिटमध्ये धुतलं आणि टिपकागदावर ओळीने मांडलं. एक स्क्रू उडाला. दोघंही गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले, आणि तो आत्याच्या चपलेला चिकटलेला सापडला.

“चालेल का?” त्याने विचारलं.

“चालवणार.”

दुपार कलली. दिवा धरून त्याचा दंड भरून आला, पण प्रकाश हलला नाही. तिने सुईच्या टोकाने तेलाचा शेवटचा थेंब सोडला, चावी दिली. काही नाही. तिने ओठ घट्ट मिटले, सगळं पुन्हा उघडलं, चाकांत अडकलेला एक केस शोधून काढला — चिमट्याने, श्वास रोखून — आणि पुन्हा बसवलं.

आतल्या छोट्या पिवळ्या चाकाने एक झोका घेतला. मग दुसरा. मग ते थांबेचना.

आत्या अचानक पडदा सरकवून आत निघून गेली. तिला आत काहीच काम नव्हतं.

“वाचलं,” तो पुटपुटला आणि उठला. “जपून वापर. मी येतो.”

“अट मी घातली होती,” ती म्हणाली. “मोडायचा हक्कही माझा.”

“असं कसं? तूच म्हणालीस—”

“मास्तर, मला घड्याळ एकटीला नको आहे. आणि...” तिचे कान तापले, पण तिने नजर हलवली नाही. “मला रविवार पुरत नाहीत.”

दिव्याचं बटण बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

“आठवड्यात रविवार एकच असतो,” तो शेवटी म्हणाला.

“म्हणून तर सांगतेय. उद्या सोमवार आहे. येशील?”

“सकाळी की संध्याकाळी?”

“दोन्ही वेळा,” पडद्याआडून आत्या म्हणाली.