रिकाम्या कॅप्सूलची काच

ऑगस्टमध्ये सौदीतल्या अल खोबरला काचेवर वाफ धरणं ही काही बातमी नाही. बाहेर समुद्राची दमट हवा, आत एसीचा गारठा; सकाळी वायपर फिरवल्याशिवाय गाडी पार्किंगमधून निघत नाही. त्यामुळे प्रदर्शनाच्या हॉलमधल्या कॅप्सूलची काच धुरकट दिसली, तेव्हा मी सिराजुद्दीनला फडकं मारायला सांगितलं आणि पुढच्या कटकटीकडे वळलो. कटकटींना तोटा नव्हता. दिवे उशिरा आले होते, गालिचा चुकीच्या रंगाचा होता आणि संध्याकाळी उद्घाटन होतं.

सिराजुद्दीन आमचा एसीवाला, रत्नागिरीकडचा. पाच मिनिटांत फडकं घेऊन परत आला.

"गिरीशभाऊ, वाफ बाहेरून नाय. आतून हाय."

झालं! म्हणजे पुसायची सोयच नाही. कॅप्सूल उसनी आणलेली, झाकण उघडायचं नाही ही मालकांची पहिली अट.

त्या कॅप्सूलचा इतिहास मला एव्हाना पाठ झाला होता. साठेक वर्षांपूर्वी, माणूस अंतराळात पाठवायची छाती होत नव्हती तेव्हा, ती रिकामीच पाठवली होती. अगदी रिकामीही नाही. खुर्चीच्या जागी एक यंत्र होतं. ते माणसासारखं ऑक्सिजन खायचं आणि माणसाच्या श्वासाइतकी ओल बाहेर सोडायचं. पृथ्वीला चक्कर मारून कॅप्सूल समुद्रात पडली, बोटीने उचलली, आणि यंत्र काढून घेतलं. आता आत बॅटरीसुद्धा नव्हती. कुठेतरी जुनी ओल मुरली असेल, दुसरं काय?

दुपारी मुदीर आला. मुदीर म्हणजे आमचा साहेब. त्याने काचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गिरीश, पाहुणे आत बघणार. काच साफ हवी. नाही तर तुझा इकामा मी रिन्यू करत नाही. खलास."

एवढं बोलून तो कॉफी प्यायला गेला. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना; तो गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, आणि माझ्या लेकीचं, आर्याचं, दहावीचं वर्ष अर्ध्यात. हिचा बोर्डाचा फॉर्म इथे भरू की नको, असं माझी बायको पद्मिनी रोज विचारत होती. आर्या विचारत नव्हती. ती नुसती "इट्स ओके, बाबा" म्हणायची, आणि ते मला जास्त लागायचं.

असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाला सगळे कामगार निघून गेले. हॉलमध्ये मी आणि ती कॅप्सूल. मी चरफडत काचेसमोर उभा राहिलो.

वाफ विरली. काच स्वच्छ झाली. मी हुश्श करतो न करतो तोच ती पुन्हा धरली. पुन्हा विरली. पुन्हा धरली. खालच्या कोपऱ्यातून सुरू होऊन मध्यापर्यंत, संथ, झोपलेल्या माणसासारखी.

एसीचा झोत असेल. मी एसी बंद केला. काही फरक पडला नाही. मला भीती वाटायला हवी होती; मला संताप आला. सगळ्या जगात बिघडायला हिला माझंच उद्घाटन सापडलं!

सिराजुद्दीन परतला, तेव्हा मी वाकून कॅप्सूलच्या बुडाशी पाहत होतो. तिथे अंगठा जाईल एवढं एक भोक होतं.

"इथूनच दमट हवा आत जाते. टेप मार."

एसीवाल्यांचा हा हुकमी इलाज: गळती दिसली की चंदेरी टेप. एरवी तो न सांगता मारतो. आज रोल हातात धरून उभा राहिला.

"ऱ्हाऊ द्या ना, भाऊ. ह्यो होल हवेसाठीच ठेवला असंल."

"कोणाच्या हवेसाठी?" मी ओरडलो. "आत कोण आहे?"

मी रोल हिसकावला, दोन पट्ट्या आडव्या-उभ्या मारल्या आणि अंगठ्याने घट्ट दाबल्या.

काचेवरची वाफ भरभर येऊ लागली.

धरायची, विरायची. धरायची, विरायची. आता मध्यापर्यंत नाही, सगळी काच पांढरी होत होती. दारात मुदीरचा आवाज आला, पाहुण्यांच्या अत्तराचा वास आला.

"भाऊ, टेप काढा," सिराजुद्दीन म्हणाला.

मला आर्या दिसत होती. मी हललो नाही.

वाफ मंदावली. एकदा धरली, ती बराच वेळ तशीच राहिली. मग कडेकडेने आटत गेली.

पुन्हा धरली नाही.

पाहुण्यांनी एकेक करून आत डोकावून पाहिलं, फोटो काढले. मुदीरने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "इकामा उद्याच करतो." मी तिथल्या तिथे पद्मिनीला फोन लावला. पलीकडून आर्याची किंकाळी ऐकू आली, आनंदाची.

हॉल रिकामा झाल्यावर टेप काढायला मी वाकलो. बाहेरून सपाट चिकटवलेली टेप भोकात खोल ओढली गेली होती, ताणून पातळ झालेली.

तिला हात लावायला माझं मन धजेना. मागे उभा असलेला सिराजुद्दीन खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. गावाकडून कोणी गेल्याचा फोन आला, की तो हेच म्हणतो.

कोण गेलं, असं मी त्याच्यावर खेकसणार होतो. खेकसलो नाही.