विहिरीवरच्या सागाची पेटी

हे खरं घडलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं ते रूपराव भोयर माझे साडू होते आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं. मला ते नीट मांडता येईल की नाही, याची खात्री नाही. पण पदरचं काही घातलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे.

मे १९७९. हिंगणघाटहून चार कोसांवर, वेणा नदीकाठचं गाव.

रूपरावांच्या पुतणीचं, कोकिळाचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ती सहा वर्षांची असताना तिची आई जयवंता मळ्यातल्या विहिरीत गेली. वर्षाच्या आत वडीलही गेले. रूपराव आणि सुलोचनाबाईंना मूल नव्हतं. पोर त्यांचीच झाली.

बाकीच्या मुली पत्र्याची ट्रंक घेऊन सासरी जात. कोकिळाला आपल्या हातची सागवानी पेटी द्यायची, असं रूपरावांनी ठरवलं. सुतारकाम त्यांना हौसेपुरतं येत होतं.

लाकूड घरचंच होतं. विहिरीवर मोटर बसली तेव्हा मोटेच्या चाकाचे दोन सागवानी खांब काढून गुरांच्या कोठ्यात टाकले होते. चार वर्षं ते तिथेच पडून होते. रूपरावांनी त्यांच्या फळ्या चिरून आणल्या.

"विहिरीवरचं लाकूड काऊन घेतलं जी?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "पोरीची माय गेली ना तिथं."

"साग हाये तो. त्याले काय मालूम कोण गेलं अन् कोण राह्यलं?"

पेटी सुरेख झाली. कोपरे एकमेकांत घट्ट बसले. पितळी कडी लागली. उरलं फक्त पॉलिश. रूपरावांनी स्पिरिटमध्ये लाख विरघळवली, फडक्याने पहिला हात दिला. मधासारखा रंग आला.

ते पाणी प्यायला उठले. परत आले तर...

पेटी पांढरी पडली होती.

काचेवर वाफ धरावी तशी.

त्यांनी घासून पुन्हा हात दिला. पुन्हा पांढरी.

नत्थू सुताराला बोलावलं. त्याने उकिडवं बसून निरखलं.

"भाऊ, हे बरसातीत होते. ओल लागली का पॉलिश असं पांढरं पडते." त्याने पेटीत हात घातला... आणि झटकन बाहेर काढला. बोटं ओली होती.

"पाणी सांडलं का हो आत कोणी?"

"नाई."

"या उन्हात पापड घटकेत वाळून राह्यले, अन् तुमची पेटी..."

वाक्य तसंच सोडून त्याने चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपराव कोठ्यात एकटेच होते. गाव दारं लावून पडलं होतं. त्यांनी पेटीचं झाकण उचललं. बिजागऱ्या करकरल्या...

कोपऱ्यातला चांद्या बैल रवंथ करता करता थांबला.

मग तो मागे चालू लागला.

एकेक पाऊल. उलटा. दावं ताणलं जाईपर्यंत.

रिकामी मोट विहिरीत सोडताना बैल असाच मागे येतो. चांद्याची निम्मी जिंदगी मोटेवर गेली होती. पण गेल्या चार वर्षांत त्याने असं कधी केलं नव्हतं.

रूपरावांनी झाकण सोडलं. बैल थांबला.

त्यांनी पुन्हा झाकणाला हात घातला.

आता झाकण उचललं जाईना...

खालून कोणी लोंबकळावं, तसं जड.

हे वजन रूपरावांना ठाऊक होतं.

तेरा वर्षांपूर्वी, जयवंतावहिनी गेल्या त्या सकाळी, रूपराव मोट हाकत होते. मळ्यात दुसरं कोणी नव्हतं. मोट जड येत होती. बैल अर्ध्या वाटेत अडत होते. गाळ आला असेल, असं म्हणून रूपरावांनी चाबूक ओढला. वाकून पाहिलं नाही.

मग मोट एकाएकी हलकी झाली.

संध्याकाळी वहिनींना वर काढलं तेव्हा त्यांचे तळहात सोललेले होते. लोक म्हणाले, दगडांनी. दोराने तसं होतं, हे एकट्या रूपरावांना कळलं. आणि ते सगळ्यांना म्हणाले, "मी आज मोट लावलीच नाई."

बायकोलाही हेच सांगितलं. भावालाही.

कोठ्यात पेटीसमोरून रूपराव उठले. कुऱ्हाड उचलली.

"काका, माझी पेटी काऊन तोडून राह्यले?"

दारात कोकिळा उभी होती.

"लाकूड खराब निघालं, बेटा. तुले नवीन ट्रंक आणतो."

"ट्रंक तर सगळ्याच नेतात. मी तं साऱ्या मैत्रिणीइले सांगून बसली, माझ्या काकानं बनवली म्हणून."

ती पुढे आली. एका बोटाने झाकण उचललं.

ते अलगद उघडलं.

आत ठणठणीत कोरडं होतं.

तिला काय सांगून थांबवायचं? पेटी तिच्याबरोबर सासरी गेली, समुद्रपूरला.

पाचव्या दिवशी कोकिळा माहेरपणाला आली. सुलोचनाबाई आत पुरणाला लागल्या. रूपराव ओसरीवर तिच्याजवळ बसले.

"घरची माणसं बरी हायेत ना, बेटा?"

"बरी हायेत."

तिने हातातली पिशवी बाजूला ठेवली.

"काका... आई गेली त्या सकाळी मोट चालू होती ना?"



"कोणं सांगितलं तुले?"

ती त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. पुरण चुलीवर असतानाच तिने पिशवी उचलली. त्यानंतर ती त्या घरी कधी आली नाही. दिवाळीलाही नाही.

१९८६ साली रूपराव वर्ध्याला दवाखान्यात खाटेवर पडले होते, तेव्हा त्यांनी हे मला सांगितलं. त्या मोटेचं चाक फार करकरायचं, म्हणाले. विहिरीतून आवाज काही आला नव्हता.

मग डोळे मिटून पडले. मला वाटलं, झोपले.

"आवाज नव्हता आला," ते पुन्हा म्हणाले.

मी विचारलं नव्हतं.