तळ्याकाठचं मौन

“अहो, पाय हलवू नका! तुमच्या पायाशी लग्न चाललंय.”

द्वारका दचकली. विश्रांतवाडीच्या मागे जुन्या दगडखाणीत साचलेलं तळं. काठावर ती पाण्यात पाय सोडून बसलेली. आणि समोर, गुडघाभर पाण्यात, पँट दुमडून वहीत काहीतरी टिपणारा हा अनोळखी माणूस! तिने पाय हलवले नाहीत... बोललीही नाही.

“रागावलात? मी केदार. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पुण्यात अनोळखी माणसाशी बोलत नाहीत, मान्य — पण निदान ‘तुम्हाला काय करायचंय’ एवढं तरी ऐकवतात हो!”

तिने ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. बरोबर बारा वाजता तिने तोंड उघडलं, “पन्नास मिनिटं सलग बोललात. माझ्या खोलीतली मैत्रीण सृष्टी अशीच बोलते, म्हणून तर मी इथे पळून येते.”

मग तिने सांगितलं. वाशीमला आईचं ऑपरेशन होतं, तेव्हा ती बालाजीला नवस बोलली होती : निभावलं तर वर्षभर दर रविवारी बारापर्यंत मौन. लिहायचं नाही, मानही हलवायची नाही. सोमवार ते शनिवार खराडीच्या ऑफिसात बोलून बोलून घसा सुकायचा. रविवारची सकाळ देवाची.

त्यानंतरचे रविवार त्याने बोलायचं, तिने ऐकायचं. बारानंतर ती एकेका मुद्द्याचा समाचार घ्यायची. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आज फाल्गुनातलं ऊन पाण्यावर चमचमत होतं. केदार आला तो धापा टाकत. वही नाही, काही नाही.

“द्वारका, माझं लग्न ठरतंय.”

तिच्या हातातली जपमाळ थांबली.

“दादा-वहिनी आत्ता मुलीकडे गेलेत. तिच्या वडिलांना साडेअकरापर्यंत काय ते हवंय, दुसऱ्या स्थळाला कळवायचंय म्हणे. मला सकाळी कळलं... नाही म्हणायचं तर दादा कारण विचारणार. कारण तू आहेस. पण तू हो म्हटल्याशिवाय तुझं नाव कसं घेऊ मी?”

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द... एकच अक्षर. जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि डोळ्यांपुढे आली ऑपरेशनच्या टेबलावर नेतानाची आई.

तो तिच्याशेजारी बसला. त्याला गप्प बसवेना. “ते बघ... त्या पाणगवताचं मादीचं फूल. धाग्याएवढ्या देठावर वर येतं आणि थांबतं. नराची फुलं खाली, चिखलाजवळ, रव्याच्या कणाएवढी. ती देठ तोडून वर येतात नि होडीसारखी तरंगतात. वारा नेईल तिकडे. पोचली तर पोचली... नाहीतर संपलं. परत जाऊन देठाला चिकटायची सोय नसते.” तो तिच्याकडे वळला. “मी आलोय तोडून. तुझ्या देवाला एक शब्द चालणार नाही का गं?”

तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्याने लगेच कान पकडले. “चुकलो. नको बोलूस. आईसाठीचा नवस आहे.”

साडेअकरा. फोन थरथरला. ‘दादा’.

केदारने फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. अंगठा हिरव्या खुणेकडे सरकू लागला — आणि द्वारकाने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. कापला. पदराखाली धरून बसली.

“याचा अर्थ...?”

ती पाण्याकडे बघत राहिली. हे बोलणं झालं का? मौन मोडलं का? बालाजी, तूच ठरव... फोन पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला. केदार काही विचारेना; विचारून उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होतं. एक मिनिट. दहा मिनिटं. पंचवीस...

बारा वाजले. तिने डोळे मिटून हात जोडले. त्याच क्षणी फोन आला, आणि तो तिनेच उचलला.

“नमस्कार दादा. मी द्वारका. मघाशी फोन मीच कापला, माफ करा. केदारसाठी दुसरीकडे शब्द देऊ नका. मी आहे.”

पलीकडून एक कोरडा, संथ लयीतला आवाज आला —

“आपण कोण, कुठल्या, ते नंतर बघू. ‘एक फोन करून येतो’ म्हणून अर्धा तास आम्ही दोघं मुलीच्या घरच्या जिन्यात उभे आहोत. वर जाऊ की खाली उतरू, एवढंच सांगा.”

द्वारकाने केदारकडे पाहिलं. तो रडत होता की हसत होता, कळत नव्हतं.

“खाली उतरा, दादा,” ती म्हणाली. “पण आधी त्या मुलीची माफी मागून या.”