बाहुली उघडेपर्यंत

नांदूरघाटला डोळ्यांचं शिबिर होतं. मेंढरं धाकट्या जावेच्या हवाली करून मी सकाळीच गेले. अंगात साखर मुरलेली. त्याच साखरेनं आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, डोळे गेले आणि पुढं त्या विहिरीत पडून वारल्या. आपली तशी गत होऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

उज्ज्वला सिस्टरनं थेंब टाकले. "बाहुली मोठी झाली की डाक्टरीणबाई आतला पडदा बघतील. तवर डोळे मिटून बसा." बाकीच्यांच्या बाहुल्या उघडल्या, माझ्याच अडून बसल्या. "शुगरवाल्यांच्या लवकर उघडत न्हाईत," म्हणत तिनं पुन्हा थेंब टाकले आणि मला मागच्या अंधाऱ्या खोलीत बसवलं.

मी दोन्ही डोळे काही मिटले नाहीत. राखणीला बसणारा माणूस एक डोळा उघडा ठेवूनच पडतो. लांडगा सांगून येत नाही. औषध आपलं गालावरून ओघळत होतं.

मग शेजारी बाक करकरलं. ओल्या घोंगडीचा वास आला, शेवाळाचा आला.

"सत्यभामे..."

त्या आवाजाचं वर्षश्राद्ध आम्ही घातलं होतं.

"मिटू नको गं... वाहू दे. तुजी बाहुली न्हाई उघडली, तर तूबी येशील माज्यासंगं. एकटीला अंधारात लई भ्याव वाटतं..."

भीती वाटली आणि रडूही आलं. पण लांडग्यापुढून पळायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"आत्याबाई, मी न्हाई येणार," म्हणाले आणि सिस्टरला हाक मारली. तिला बाकावर मी एकटीच दिसले. तिनं थेंब टाकले. जन्मात पहिल्यांदा मी राखणीचा डोळाही मिटला. कानाशी गार श्वास येत राहिला, कुणीतरी पदर ओढला. मी हलले नाही.

डोळे उघडले तेव्हा दारातलं ऊन पांढरंफटक होऊन आत शिरलं होतं. बाक रिकामं. "उघडली की," सिस्टर हसली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून आत पाहिलं. "पडदा शाबूत आहे. साखर तेवढी सांभाळा." गावभर पेढे वाटावेत, एकही न खाता, असं मला झालं. जिंकले होते मी.

मग त्यांनी दुसरा डोळा पाहिला आणि भिंग हळूच खाली घेतलं.

"बाई... तुमच्या मागं कोण उभं आहे?"

"आमच्या आत्याबाई हायत. त्यांना दिसत न्हाई. मला दिसतंय, मी घरी नेते त्यांना."

मी मागं हात केला. ओली बोटं त्यात घट्ट बसली.