धोंडिबाची काळी चौकट

कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहरा उमटला आणि मुक्ता साबणेला वाटलं, जमलं एकदाचं. रुंद कपाळ, भरदार मिशी, डोक्यावर लष्करी टोपी. तिनं पडदा हौसाबाईंकडे वळवला. नव्वदी ओलांडलेल्या हौसाबाईंनी पदरानं चष्मा पुसला, वाकून नीट पाहिलं आणि तोच पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या.

"अगं पोरी, ही तर माझी आई. तिला मिशा कशापायी लावल्यास?"

मुक्तालाही हसू आवरलं नाही. पण दसरा तोंडावर होता आणि मोरखिंडच्या स्मारकावरची एक चौकट अजून रिकामीच होती.

मोरखिंड हे सातारा भागातलं लहानसं बाजाराचं गाव. चावडीसमोर काळ्या दगडाचं स्मारक आहे आणि नव्वदेक वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या गावच्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत. नावं होती, चेहरे नव्हते. त्या काळी फोटो काढायला तालुक्याला जावं लागे, आणि वीस-बावीस वर्षांच्या पोरांना वाटतं, फोटो काय, परत आल्यावरही काढता येईल. ती परत आलीच नाहीत. म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं मुक्ताला आपला नवा कॅमेरा देऊन इथं धाडलं होतं. संस्थेनं त्याचं नाव 'मुखशोध' ठेवलं होतं. तो गावात आला ऐन पितृपक्षात, त्यामुळे गावानं त्याचं बारसं 'पितरांचा कॅमेरा' असं उरकून टाकलं.

हा कॅमेरा कातडीवर थांबत नसे. त्याचे किरण चेहऱ्याखालच्या हाडांची ठेवण टिपत. एकाच पूर्वजाचे चारपाच वंशज त्याच्यासमोर बसले, की बाहेरून लग्न होऊन आलेल्यांचं नाकडोळ्यांचं देणं तो चाळणीनं चाळावं तसं वेगळं काढी आणि उरलेल्यातून मूळ माणसाचा चेहरा जुळवी. मग तो चेहरा दगडावरच्या नावाखाली बसवलेल्या काचेच्या चौकटीत रोज सांजवेळी उजळे. मिशीचं हाड नसतं, त्यामुळे मिशी तेवढी घरच्यांना विचारून लावावी लागे, आणि त्यावरून मोरखिंडीत रोज एक तरी भांडण होई. आपला आजा मिशीत कमी होता, हे कबूल करायला कोणतंच घर तयार नव्हतं.

पाऊस परतून गेला होता. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, माळावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि दारोदारी झेंडूच्या राशी पडल्या होत्या. अशा उजेडात फोटो काढायला मुक्ताला फार आवडे. एकेक करून सगळ्या चौकटी उजळल्या. राहिली ती फक्त शिपाई धोंडिबा जगदाळेची.

धोंडिबा इटलीतल्या कुठल्याशा डोंगरावर पडला, तेव्हा हौसाबाई आईच्या पोटात होत्या. बाप कसा दिसायचा, असं त्या लहानपणी आईला विचारत. आई म्हणे, चांगले होते दिसायला, आणि चुलीकडे तोंड करून बसे. पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. आता मात्र त्यांनी मुक्ताचा हात धरून सांगितलं होतं, की डोळे मिटायच्या आधी एकदा तेवढं तोंड बघू दे, मग माझं काही मागणं नाही.

पण एका लेकीच्या चेहऱ्यात आईचा वाटा कुठला आणि बापाचा कुठला, हे यंत्राला कळेना. बापाकडचं रक्त हवं होतं आणि घोडं तिथंच पेंड खात होतं. धोंडिबाच्या धाकट्या भावाचा मुलगा निवृत्ती, म्हणजे हौसाबाईंचा चुलत भाऊ, त्यांना बापाकडून आलेल्या रानाच्या शेजारीच राही. दोन रानांच्या मधल्या बांधावर एक चिंच होती. ती कुणाची, यावरून भावकीत जे बिनसलं, त्याला चाळीस वर्षं झाली होती. दोघं एकमेकांशी बोलत नसत ते सोडाच, एकमेकांकडे बघतही नसत. वाटेत निवृत्ती दिसला की हौसाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत.

मुक्ता निवृत्तीकडे गेली. ऐंशीच्या घरातल्या त्या माणसानं आग्रहानं चहा पाजला आणि आक्कानं स्वतः येऊन सांगावं, अशी अट घातली. ती हौसाबाईंकडे आली. त्यांनीही चहा पाजला आणि लहान तो आहे, त्यानं यावं, असं ठणकावलं. दोन्हीकडचा चहा पिऊन मुक्ताला पित्त झालं, पण म्हातारी माणसं काही जागची हलली नाहीत.

दसऱ्याच्या दुपारी संस्थेतल्या साहेबांचा फोन आला. त्यांनी सोपी वाट सांगितली. कॅमेरा लांबूनही हाडं टिपतो. निवृत्ती आज स्मारकावर येणारच, तेव्हा गुपचूप टिपून घ्यायचं, त्याला पत्ताही लागणार नाही. निवृत्ती येणार, हे खरंच होतं. सीमोल्लंघन करून आलं, की आपट्याचं पहिलं पान स्मारकाला वाहायचं आणि मगच एकमेकांना सोनं द्यायचं, अशी मोरखिंडची रीत होती.

सांजवेळी हलगी वाजत आली. निवृत्ती पुढे झाला, काकाच्या नावापाशी पान ठेवून वाकला. मुक्ताच्या पडद्यावर त्याच्या गालाच्या हाडाची पहिली रेघ उमटली. आणखी थोडा वेळ थांबलं, की काम फत्ते झालं असतं. तिला हौसाबाईंचा हात आठवला, आणि तरीही तिनं झाकण लावून टाकलं. तो चेहरा निवृत्तीचा होता. न विचारता झोडपायला तो काही बांधावरची चिंच नव्हता.

निवृत्तीनं मान वर केली. सगळ्या घरांचे शिपाई आपापल्या चौकटीतून उजळले होते. जगदाळ्यांची तेवढी काळी होती आणि मागे सगळा गाव उभा होता.

"काकाचीच काळी का?" त्यानं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"तुम्ही बसलात तर उजळेल," मुक्ता म्हणाली. "नाही म्हणालात तर मी उद्या सामान बांधून जाईन. चोरून घ्यायची सोय आहे, पण मी घेणार नाही."

 निवृत्तीनं लेकीला आणि नातवंडांना हाक मारली आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसला. आपल्या मिशीला मात्र हात लावायचा नाही, एवढं बजावायला तो विसरला नाही.

हौसाबाईंना खुर्चीवर बसवून आणलं. यंत्र बराच वेळ चाळत राहिलं. मग काच उजळली आणि तिथं एक पोरगा दिसायला लागला. मिशी अजून न लावलेली, तोंड कोवळं, कान थोडे बाहेर आलेले, ओठ हसू दाबल्यासारखे मिटलेले.

हौसाबाईंनी जन्मभर मनात एक मोठा, भारदस्त बाप बाळगला होता. त्या काचेवरून बोटं फिरवत राहिल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही.

"एवढंसं लेकरू," त्या म्हणाल्या. "माझ्या नातवापरीस ल्हान हाय."

खोटं बोलणं मुक्ताच्या स्वभावात नव्हतं. तिनं जवळ बसून सांगितलं, की हा अंदाज आहे, अगदी अस्सल असाच होता, असं यंत्रही छातीठोक सांगत नाही. हवं असेल तर वय वाढवून म्हातारपणीचा चेहराही दाखवता येईल. तिनं बटणाकडे हात नेला.

हौसाबाईंनी तो धरला. त्या काचेकडे बघत नव्हत्याच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या निवृत्तीकडे बघत होत्या, त्याच्या बाहेर आलेल्या कानांकडे, दाबलेल्या ओठांकडे.

"नगं काढूस," त्या म्हणाल्या. "म्हातारपनीचा त्यो हितं हुबा हाय. मी जल्मभर बापाचं तोंड हुडकत बसले आन् ते बांधापलीकडं हुतं. मीच पाठ फिरवून बसले."

निवृत्तीनं खिशातून आपट्याचं पान काढलं, त्यांच्या हातावर ठेवलं आणि पायावर डोकं टेकलं. सोनं घे आक्का, एवढंच त्याला म्हणता आलं. हौसाबाईंनी त्याची टोपी काढली आणि हनुवटी धरून चेहरा वर केला. पण दिवस मावळला होता आणि काचेच्या उजेडात त्यांना धड दिसेना.

"निवृत्ती," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी चिंचंखाली येऊन बसशील का रं वाईच? उन्हात नीट बघायचंय."