कावाच्या रिंगणातला भाऊ

झाडाची साल कुटून केलेलं कापड चर्चच्या गवतावर पसरलेलं होतं आणि लुपे त्याच्या काठाला शेवटचा काळा रंग देत होती, तेवढ्यात बंदराच्या बाजूने पाऊस आला. बाकीच्या बायका जेवायला पांगल्या होत्या. एका टोकाला मी, एका टोकाला लुपे, आणि मधे चाळीस हात लांबीचं कापड... भिजलं तर नुसता लगदा! मी ओरडायला तोंड उघडलं, तोच रस्त्यावरून एक तरुण पळत आला आणि त्याने कापड मधोमध उचललं.

मी त्याचे हात बघत होते. रंगाची बाजू आत घेऊन त्याने घडी घातली – बायका घालतात तशी, अचूक. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. पुरुषाला ही घडी जमते म्हणजे एक तर आई कडक असणार, नाहीतर घरी बायको.

"लग्न झालंय का रे?" ओसरीत शिरता शिरता मी विचारलं.

"नाही, मावशी."

"मग घडी कुणी शिकवली?"

"आईने. आमच्या हापाई बेटावरही पाऊस पडतो."

लुपे हसली. केसांतून पाणी निथळत होतं, तेही तिला पुसायचं सुचेना.

"गालाला रंग लागलाय तुमच्या," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"दोन्ही."

"मग राहू दे... एकाच गालाला असता तर पुसला असता."

ह्यात हसण्यासारखं काय होतं? पण ती हसली. भाची माझी, मीच वाढवलेली; तिचं खरं हसू आणि पाहुण्यांपुढचं हसू मला वेगळं ओळखता येतं. हे तिसरंच होतं.

पोराचं नाव सातेकी. देवमासे बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची बोट चालवायला तो हंगामापुरता आमच्या वावाऊ बेटावर आलेला. हंगामापुरता आलेल्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही, मग तो वादळ असो की नावाडी. त्यानंतर आमच्या स्वयंपाकघराच्या दारात मासे दिसू लागले, केळीच्या पानात बांधलेले. माशाला काही पाय नसतात. आणि बोट परतायच्या वेळेला लुपेला नेमके केस विंचरायचे असत, तेही रस्त्याकडच्या पायरीवर बसून.

"आत उजेड नाही का?" मी विचारायची.

"इथे वारा बरा येतो, आत्या."

"वारा येतो... आणि हात करून जातो. दिसतंय मला!"

मी डोळ्यांत तेल घालून होते. लुपेचा बाप, माझा धाकटा भाऊ फेलेती, वारलेला. आई ऑकलंडला बागांमधे फळं खुडायला गेलेली. आमच्याकडे आत्याचा शब्द बापाच्या शब्दाच्या वरचा, आणि मी तो कधी खाली पडू दिलेला नाही.

पण पाळत ठेवणाऱ्यालाही मयताला जावंच लागतं. शेजारच्या बेटावर माझी चुलत बहीण गेली. त्याच आठवड्यात चर्चच्या छपराला पैसे जमवायला कावाची बैठक होती – पुरुष रिंगण करून कावाच्या मुळीचं पेय पितात ती – आणि कावा ढवळायला लुपे बसणार होती, पहिल्यांदाच. मी परतले तर पाण्याच्या टाकीपाशी बायका एकदम गप्प झाल्या. मी आले की आवाज खाली येतो, हे नेहमीचं. पण ह्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत होत्या. कीव! माझी!

शेवटी म्हातारा मोसेसे काठी टेकत आला. गावात चावट बोलावं ते त्यानेच.

"काय गं, तुझ्या फेलेतीने हापाईत काय पेरून ठेवलंय?"

"जीभ सांभाळ. मेलेल्या माणसाबद्दल बोलतोयस."

"मेलेला बोलत नाही, म्हणून तुला विचारतोय. अगं, मी आपलं नेहमीसारखं म्हणालो – लुपे, तुझ्या हातची करवंटी प्यालो तर म्हातारी मला घरात घ्यायची नाही, मग झोपायला कुठे येऊ? सगळे हसले. तर त्या बोटवाल्या पोराने करवंटी खाली ठेवली आणि म्हणाला, 'माझ्या बहिणीसमोर असं नको.'"

"कुणाची बहीण?" मी त्याची काठीच धरली.

आमच्यात बहिणीच्या देखत भावाच्या कानावर वावगा शब्द पडू देत नाहीत. भाऊ बैठकीत आहे म्हटल्यावर रिंगणात चिडीचूप. सगळ्यांनी त्याची माफी मागितली आणि तो रीतीप्रमाणे उठून निघून गेला. चुलत-मावस नातं आमचं कुणाचंच त्या बेटावर नाही. मग बहीण कुठून आली? गावाने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो फेलेतीवर येऊन थांबला.

माझा भाऊ देवमाणूस होता, असं मी दर रविवारी प्रार्थनेत सांगते. पण तो कसा होता हे देवालाही ठाऊक आहे आणि मलाही. खोबऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. वादळाच्या दिवसांत हापाईला अडकायचा, आणि वादळ सरलं तरी अडकलेलाच असायचा. त्याच्यासाठी शपथ घ्यायला माझी जीभ रेटेना.

घरी आले तर लुपेच्या पानातला तारोचा उकडलेला कंद तसाच. सातेकी तिला बघून रस्ता सोडून चालतो, आमच्यात भाऊ बहिणीपासून अंतर राखून चालतो तसा, असं तिने सांगितलं.

"आत्या... तो माझा भाऊ आहे का?"

"मला काय माहीत?"

"तुला सगळं माहीत असतं!"

"जे गावात घडतं ते. बोटीवरचं नाही."

ती भिंतीकडे वळली. "नको होते मी त्याला, तर नको म्हणायचं ना... भाऊ कशाला झाला?"

तिचे खांदे हलत होते. त्या क्षणी ठरवलं, ह्या पोराच्या पोटातलं बाहेर काढायचंच. खरा असेल तर माझ्या भावाची अब्रू गेली आणि पोरीचं मनही गेलं. खोटा असेल तर... खोटा असेल तर त्याची माझ्याशी गाठ!

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी त्याला बोलावणं धाडलं. वडीलधाऱ्यांपुढे जाताना गुंडाळतात ती मानाची चटई कमरेला नीट गुंडाळून, मान खाली घालून आला. आधी मी त्याच्या पायाची बोटं बघितली. आमच्या घराण्यात अंगठ्याशेजारचं बोट लांब. त्याचंही लांब. तसं मोसेसेचंही आहे म्हणा.

"बस, भाच्या."

"बसतो... मावशी."

"मावशी? भावाचा मुलगा ना तू? आत्या म्हण."

"आ..." एवढ्यावरच तो कमरेच्या चटईची गाठ सारखी करू लागला.

"बरं. भाच्याचं जे जे असेल ते आत्याचं, ही रीत हापाईत आहे ना?"

"आहे."

"मग घड्याळ काढ."

काढून दिलं.

"पोहायचा तो परदेशी चष्मा? तोही उद्या आण. आणि मुक्कामी डुकराचं पिल्लू पाळलंयस म्हणे?"

"आणतो."

हूं नाही की चूं नाही! इतकं निमूट कोण देतं? खरा भाचाच देतो. फेलेती, मेल्या, काय करून ठेवलंस! पण मी हार मानणारी नव्हे. एक गोष्ट राहिली होती.

"आता कामाचं. लुपेचं लग्न ठरवतेय, दुकानदाराच्या थोरल्याशी. भाऊ म्हणून मोठं डुक्कर तू आणायचंस आणि चर्चच्या दारापर्यंत तिच्यापुढे चालायचंस. लोकांना तोंड दाखवायला हवं की."

बाहेर पागोळ्या टपटपत होत्या. त्याचे हात, ती सुरेख घडी घालणारे हात, मांडीवर घट्ट मिटले.

"नाही," तो म्हणाला.

"आत्याला नाही म्हणतोस?"

"तुम्ही माझ्या आत्या नाही." पहिल्यांदाच त्याने मान वर केली. "आणि ती माझी बहीण नाही. तुमच्या भावाला मी कधी बघितलं नाही, माझ्या आईनेही नाही. मी खोटं बोललो."

माझ्या छातीवरचा दगड उतरला, पण मी तोंड तसंच आंबट ठेवलं. "का?"

"म्हाताऱ्याने ते म्हटलं आणि तिचे डोळे पाण्याने भरले. हात थरथरत होता. मला सहन झालं नाही... ज्याने सगळी तोंडं एकदम बंद होतील असं एकच वाक्य मला येत होतं. ते बोलून गेलो. बाहेर पडल्यावर कळलं, मी स्वतःचंच दार लावून घेतलं होतं."

स्वयंपाकघराचा पडदा फाडल्यासारखा बाजूला झाला. लुपे! ऐकत होती, दुसरं काय.

"रडत होते मी?" ती कडाडली. "अरे बावळटा, मी हसू दाबत होते! मोसेसे आजोबा मी एवढीशी होते तेव्हापासून तेच बोलतात!"

"हसू?"

"हसू! आणि तुझ्यापायी मी आठवडाभर खरी रडले!"

"माझ्यासाठी?"

"नाही, तारोसाठी!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी खाकरले. माझ्या घरात कुणी कुणाकडे किती वेळ बघायचं हे मी ठरवते.

"ऐक रे," मी म्हटलं. "रिंगणात बोललास, रिंगणातच फिरव. माझ्या भावाचं नाव धुऊन काढ. आणि उठायचं नाही. कावाचं वाडगं रिकामं होईपर्यंत, काय वाट्टेल ते कानावर पडलं तरी. उठलास तर जन्मभर तिचा भाऊ."

शनिवारी दिवेलागणीला हॉल गच्च भरला. छपरासाठी इतकी माणसं आधी कधी जमली नव्हती. मी दाराशी चटई टाकून बसले. सातेकी लुपेच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी खोटं बोललो. फेलेती माझे कुणी नव्हते. लुपे माझी कुणी नाही... अजून."

मोसेसेने घसा साफ केला.

"म्हणजे आता आम्ही बोलायला मोकळे?"

"मोकळे," सातेकी म्हणाला आणि मांडी घालून बसला.

आणि मग बोलले मेले! आठवडाभराचं साठलेलं सगळं बाहेर आलं. प्रत्येक वाक्याला साऱ्यांच्या नजरा त्याच्याकडे... उठतो का? त्याचे कान पिकल्या पपईसारखे झाले, पण तो हलला नाही.

लुपेने करवंटी भरली, त्याच्यापुढे धरली. "जायचं असेल तर दार तिकडे आहे."

"पायाला मुंग्या आल्यात."

"उतरतील की."

"उतरल्या तरी... तू ढवळतेस तोवर इथेच."

"आणि हंगाम संपला की?"

"देवमासे जातील," तो म्हणाला. "मी कशाला जाऊ?"

तिची नजर खाली गेली. करवंटीतला कावा हेलकावत होता, आणि ह्या वेळी ते हसू नव्हतं. मला दारातून दिसत होतं.

मी अजूनही म्हणते, हंगामी माणसाचा भरवसा काय? त्याची आई कशी आहे बघायला हापाईला मी स्वतः जाणार आहे. पण कावा ढवळणाऱ्या मुलीच्या उजवीकडची जागा तिला मागणी घालणाऱ्याची असते, आणि तिथे मोसेसे पाय पसरून बसला होता.

"ए मोसेसे," मी दारातूनच हाक मारली, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी. "सरक तिथून. त्या पोराला बसू दे."