न लागलेल्या कॉम्प्रेसरचा गारवा

अहल्याक्काचं कुणीही खरं मानलं नाही. बत्तीस वर्षं ती नवऱ्याच्या, बेंगळूरमधल्या शिवाजीनगरच्या शेडमध्ये, गाड्यांचे ए.सी. दुरुस्त होताना बघत, स्टुलावर बसली होती. शाळा चौथीपर्यंत, पण कॉम्प्रेसरचा आवाज तिला पोटच्या पोराच्या खोकल्यासारखा ओळखू यायचा. आणि आता तिलाच गिरीराज समजावत होता! तिच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला, नवरा गेल्यावर शेड सांभाळणारा गिरीराज.

"अक्का, लागतोय की कॉम्प्रेसर. ऐका."

टक्. बॉनेटखाली कॉम्प्रेसरची पाटी फिरत्या पुलीला चिकटली, तिच्याबरोबर फिरू लागली. इंजिन जरासं दबलं.

"आत्ता लागतो रे मेल्या. सौम्या बसली की लागत नाही."

"मग गाडी तापत असेल."

"नाही ना! उलट बर्फासारखी गार होते."

गिरीराजनं फडक्याला हात पुसले. "कॉम्प्रेसर बंद, तरी गाडी गार. मग तक्रार काय तुमची? देवानं दिलेला गारवा, घ्या की जरा."

तक्रार गारव्याची नव्हतीच. सौम्या तिची एकुलती लेक, आठवा महिना लागलेली. सासर शहराबाहेर आनेकलला, डॉक्टरीण शहरात. रिक्षाचे धक्के बंद केलेले, म्हणून दर गुरुवारी अहल्याक्का स्वतः गाडीतून न्यायची-आणायची. त्या उन्हाळ्यात बेंगळूर तव्यावर ठेवल्यासारखं झालं होतं. गाडीत बसली की लेक दोन मिनिटांत सुखानं डोळे मिटायची, आणि उतरली की अंग फणफणलेलं. तीन गुरुवार, तीन ताप. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं, आणखी एकदा असा ताप चढला तर बाळाचा भरवसा देता येणार नाही.

जावई म्हणाला, ऊन लागलं. विहीणबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. आणि हिनं गाडीचं नाव काढलं की सगळे तिच्याकडे असं बघायचे, जणू नवऱ्याबरोबर हिची अक्कलही सरणावर गेली.

तिला मात्र नवऱ्याचं, रघुपतीचं बोलणं काही सुचू देत नव्हतं. गिऱ्हाइकाला तो नेहमी सांगायचा, "थंडी कुणी बनवत नाही, साहेब. आतली गरमी उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच यंत्राचं काम."

मग यंत्र बंद असताना गरमी उचलतं कोण? आणि टाकतं कुठं?

चौथ्या गुरुवारी तिनं गिरीराजला दंडाला धरून गाडीत कोंबलं.

भर दुपार. आनेकल मागं पडलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना नीलगिरी, पण एक पान हलत नव्हतं. पाखरूही ओरडत नव्हतं. सौम्या मागं बसली होती. अहल्याक्कानं बटण दाबलं. टक् झालं नाही. नुसती पंख्याची घरघर... मग जाळीतून गारवा यायला लागला, हळूहळू, चोरपावलांनी. त्याला वास होता, कच्च्या दुधासारखा. तिनं बटण बंद केलं. गारवा येतच राहिला.

गिरीराजचं हसू मावळलं. "अक्का... थांबवा."

गाडी चालूच ठेवून त्यांनी बॉनेट उघडलं. पुली गरगर फिरत होती. पाटी मात्र जागच्या जागी, गप्प. त्यानं फ्यूज बघितला, रिले बदलला, पुन्हा बटण दाबून मीटर लावला.

"करंटच येत नाही. सेन्सर अडवतोय. त्याला वाटतंय, आत आधीच थंड आहे, कॉम्प्रेसर हवा कशाला."

"मग आहेच ना थंड! मी महिनाभर घसा फोडून काय सांगत होते?"

त्यानं बॅटरीवरून थेट वायर ओढून कॉम्प्रेसरला टेकवली. टक्! पाटी चिकटली, अर्धा फेरा फिरली आणि करकरत थांबली. करंट होता, पुली ओढत होती, तरी पाटी हलेना. कुणीतरी मुठीत धरून ठेवावी तशी.

आणि गाडीतून सौम्या कण्हली.

काचांवर दव साचलं होतं. अहल्याक्कानं दार ओढलं तर आत लेकीच्या तोंडातून वाफ निघत होती, आणि कपाळ... कपाळाला हात लावला तो चटका बसला.

"काढ वायर! आधी काढ!"

ती मागं चढली. लेकीला कवेत घेतलं, एक हात पोटावर घट्ट धरला, आणि पुढच्या रिकाम्या सीटकडे बघून कडाडली.

"अहो, ऐकताय ना? ही शाळेतून यायची तर ओला पंचा घेऊन दारात उभे राहायचात. केलेत तेवढे लाड पुरे झाले! उचललेली गरमी तिच्याच अंगात ओतताय, कळतंय का? बत्तीस वर्षं हीच विद्या शिकलात होय? सोडा म्हणते ना... सोडा!"

गिरीराज वायर हातात धरून पुतळ्यासारखा उभा.

मग बॉनेटखाली... टक्.

सौम्याला दरदरून घाम फुटला. शहरात पोचेतो ताप उतरला होता.

त्यानंतरचे गुरुवार निर्धास्त गेले. गिरीराजनं शेडमधल्या रघुपतीच्या फोटोला मोगऱ्याचा हार घातला. "अण्णा गेले, पण काम सोडलं नाही," तो कौतुकानं म्हणायचा. अहल्याक्का म्हणायची, "आयुष्यभर अडाणी माया." आणि डोळे पुसायची.

मुलगा झाला. धडधाकट, काळ्याभोर डोळ्यांचा.

बाराव्या दिवशी अहल्याक्काच्या चामराजपेटच्या घरात बारसं. सकाळी अकरालाच करंट गेला, पंखे थांबले, बायका पदरानं वारा घेऊ लागल्या. पाळण्याशी सौम्याची नणंद श्रीविद्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

आधी एकीनं पदर अंगाभोवती लपेटला. मग दुसरीनं.

गिरीराज जवळ सरकला. त्याच्या हातावर काटा होता. "अक्का, इथं तर ए.सी.च नाही..."

अहल्याक्कानं मान वर केली, नवऱ्याला दोन शब्द सुनवायला तोंडही उघडलं. तेवढ्यात श्रीविद्या म्हणाली, "वहिनी, घ्या हो ह्याला. मला कसंतरीच होतंय... अंग भाजतंय नुसतं."

सौम्यानं हात पुढं केले.

"तू नाही!" अहल्याक्का मधे शिरली. "तू लांब बस. दे इकडं. माझी हाडं जुनी आहेत, सोसतील."

तिनं बाळाला छातीशी धरलं. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, अगदी ओळखीचं. तिच्या तळव्यांतून ऊब चढली, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, मग कानशिलं तापली. खोलीत कच्च्या दुधाचा वास दाटला. तिनं त्याला आणखी घट्ट धरलं.

"तुम्हांला उगाच बोलले हो," ती रघुपतीला उद्देशून पुटपुटली.

श्रीविद्या वाकली आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. अहल्याक्काशिवाय कुणालाच ऐकू आलं नाही. "काय ठेवलं? मोठ्यानं सांगा की!"

त्याच वेळी मागून गिरीराज कुजबुजला, "अक्का... अण्णा नव्हते, तर मग कोण?"

दोन्ही प्रश्नांना अहल्याक्कानं एकच उत्तर दिलं.

"श्रीहर्ष."